कंटेनरची खोली करताना: ग्राइंडर हातात घेण्याआधी आणि नंतर

जुन्या कंटेनरची खोली करणं वरवर सोपं वाटतं. भिंती तयार, छप्पर तयार, तळ तयार. दार-खिडकी कापली की झालं. गडबड इथेच होते. पेटी जागेवर आली की पहिल्याच दिवशी कापाकापी सुरू होते, पाया घाईत उरकला जातो, इन्सुलेशन उरलेल्या पैशांत बसवलं जातं आणि पहिल्या थंडीत आतल्या प्लायवर काळी बुरशी धरते. यातलं बहुतेक काम केलेलं असतं, फक्त क्रम उलटा असतो.

खालचा क्रम एका कंटेनरच्या किंवा शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कंटेनरच्या एकमजली खोलीसाठी आहे. वर दुसरी पेटी चढवायची असेल तर हे सगळं लागतंच, शिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पूर्ण डिझाइन करून घ्यावं लागतं.

पेटीचा जोर कुठे असतो

कंटेनर जहाजावर एकावर एक रचण्यासाठी घडवलेला असतो. वरच्या पेट्यांचं ओझं कोपऱ्यांतल्या कॉर्नर कास्टिंगवर (जाड पोलादी ठोकळ्यांवर) येतं आणि कोपऱ्याच्या खांबांतून खाली उतरतं. दारावरच्या सीएससी प्लेटवर (कंटेनरच्या सुरक्षा-मंजुरीच्या धातूच्या पाटीवर) रचण्याच्या भाराचा आकडा असतो. पुष्कळ प्लेटांवर तो १,९२,००० किलो दिसेल. तो वाचून पेटी कुठेही काहीही पेलेल अशी समजूत होते. पण तो आकडा न कापलेल्या पेटीच्या चार कोपऱ्यांपुरता आहे. छपराचा पत्रा साधारण २ मिमीचा असतो आणि त्याची चाचणी ६०० × ३०० मिमी जागेवर ३०० किलो ठेवून घेतात. डागडुजीला चढलेली माणसं पेलावीत एवढाच तो भार. छपरावर मातीचा थर टाकून बाग करायची असेल तर तिला स्वतंत्र सांगाडा हवा.

बाजूची पन्हाळी भिंत जेमतेम १.६ मिमीची, पण तिला नुसता पडदा समजू नका. वरची रेल, खालची रेल (भिंतीच्या वरच्या-खालच्या कडेनं जाणारे लांब लोखंडी दांडे) आणि मधला पन्हाळी पत्रा मिळून एक उंच तुळई तयार होते. १२ मीटर लांबीची पेटी चार कोपऱ्यांवर टेकूनही मधे झोल खात नाही ती या तुळईमुळे. भिंत कापता तेव्हा तुम्ही तुळई कापत असता.

*सावधान:* कंटेनर जमिनीत गाडू नका. बाजूच्या भिंतींची चाचणी आतून बाहेर ढकलणाऱ्या मालाच्या दाबाची घेतलेली असते. बाहेरून येणारा मातीचा दाब हा त्यांच्या कामाचा भागच नाही.

टप्पा १: आराखडा आणि परवानगी

स्थानिक बांधकाम नियम कंटेनरला काय मानतात ते आधी विचारून घ्या. चाकांवरून आलेली पेटी आहे म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज सगळीकडे आढळतो. पायावर बसवली, वीज-पाणी जोडलं, माणसं राहायला लागली की पुष्कळ ठिकाणी ती इमारतच ठरते.

मग आतली मापं कागदावर उतरवा, आणि तीही आतलं अस्तर धरून. २० आणि ४० फुटी दोन्ही पेट्यांची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. दोन्ही भिंतींना प्रत्येकी ७.५ सेंमी अस्तर गेलं की हातात २.२० उरतात. उंचीत फरक पडतो: साध्या पेटीची बाहेरून उंची २.५९ मीटर, हाय क्यूबची २.९० मीटर. आतून साधारण २.३९ आणि २.६९. त्यातून जमिनीचे ६ आणि छताचे १० सेंमी वजा करा. साध्या पेटीत २.२३ उरतात, हाय क्यूबमध्ये २.५३. राहायची खोली करायची असेल तर हाय क्यूबच घ्या, याबाबत माझं मत ठाम आहे. साधी पेटी गोदामाला आणि वर्कशॉपला ठीक. किमान उंचीच्या नियमातही ती पुष्कळदा अडकते.

आराखड्यात प्रत्येक दार, खिडकी, एक्झॉस्ट, एसीचं भोक, नळाची आणि केबलची वाट यांची जागा सेंटिमीटरपर्यंत ठरलेली हवी. पत्रा एकदा कापला की खिडकी चार बोटं सरकवणं म्हणजे ठिगळ लावणं.

सलग मोठा हॉल हवा असेल तर थोडं थांबून हिशोब करा. दोन-तीन पेट्या जोडून मधल्या सगळ्या भिंती काढल्या की उरतो तो सांगाडा, आणि तो उभा राहायला नव्या तुळया-खांब घालावे लागतात. इतकं लोखंड नव्यानं घालायचं तर साधी लोखंडी शेड बहुधा सरळ आणि स्वस्त पडते.

टप्पा २: पेटी निवडणं

फोटो पाहून पेटी घेऊ नका. बाजारात ढोबळ प्रतवारी चालते: एकाच फेरीत वापरलेली, माल वाहण्याजोगी, वारा-पाणी न शिरणारी आणि ‘आहे तशी’. शेवटच्या प्रकाराकडे घरासाठी फिरकू नका.

जाताना पाणसळ, लांब मोजपट्टी, दोरी, टॉर्च आणि छोटा हातोडा न्या.

१. आधी प्लेट वाचा. उत्पादनाचं वर्ष आणि पेटीचा क्रमांक तिथे असतो. क्रमांक म्हणजे चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला एक तपासणी अंक. दारावरचा आणि प्लेटवरचा क्रमांक जुळत नसेल तर विक्रेत्याला कारण विचारा.

२. प्लेटवर लाकडावरच्या औषधाची ओळ शोधा. जमिनीचं प्लायवुड साधारण २८ मिमी जाड असतं आणि त्याला बहुधा कीटकनाशक मारलेलं असतं. कोणतं मारलं ते त्या ओळीत लिहिलेलं असतं. नोंद करून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागेल.

३. दोन्ही दारं सताड उघडून पेटीला वारा लागू द्या, मगच आत जा. मालाला दिलेल्या धुरीचा अंश आत असू शकतो. आधी कोणता माल वाहिला हे विचारा. तेलाचे, रसायनाचे काळपट डाग प्लायमध्ये मुरलेले दिसले किंवा उग्र वास जात नसेल तर ती पेटी सोडा. रंगाखाली वास दबत नाही.

४. बाहेर माणूस उभा करून आत जा, दारं लोटून घ्यायला सांगा आणि अंधारात छपराकडे पाहा. टाचणीएवढ्या भोकातूनही उजेड दिसतो. या दारांच्या कड्या फक्त बाहेरून लागतात, तेव्हा एकट्यानं हा प्रयोग करायचा नाही.

५. कर्ण मोजा. छपराचे दोन्ही कर्ण, बाजूचे दोन्ही, दाराच्या तोंडाचे दोन्ही. आयएसओच्या मापानुसार लांब बाजूंच्या कर्णांतला फरक ४० फुटी पेटीत १९ मिमी आणि २० फुटीत १३ मिमीपेक्षा जास्त नसावा. तोंडाकडच्या कर्णांत १० मिमी. याहून जास्त फरक म्हणजे पेटी कधीतरी पिळवटली आहे. अशा पेटीत नवी चौकट गुण्यात बसत नाही.

६. खाली वाकून आडव्या पट्ट्या आणि खालची रेल हातोड्यानं ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. पत्र्यावरचा तांबूस थर बहुधा वरवरचाच असतो, कारण कंटेनरचं कॉर्टेन पोलाद साध्या पोलादापेक्षा गंजाला दाद कमी देतं. पापुद्रे सुटणारा गंज मात्र वेगळा. तो दाराच्या उंबऱ्याजवळ, खालच्या रेलवर आणि छपरातल्या पोच्यांत शोधा.

भिंतीवरचे पोचे दिसायला वाईट, पण त्रास देत नाहीत. छपरावरचे देतात, तिथे पाणी साचतं. कोपऱ्याचा खांब वाकलेला असेल तर घासाघीस न करता परत फिरा.

टप्पा ३: पाया

हा टप्पा पेटी येण्याआधी पूर्ण व्हायला हवा. काँक्रीट पूर्ण पक्कं होण्याआधी क्रेन बोलावणं ही नेहमीची चूक.

कॉर्नर कास्टिंगचा तळ पेटीच्या बाकी तळापेक्षा साधारण १२ मिमी खाली असतो. त्यामुळे सपाट काँक्रीटच्या ओट्यावर ठेवली तरी पेटी टेकते चार कोपऱ्यांवरच, आणि खालच्या फटीत पाणी, पाला, उंदीर यांची सोय होते. म्हणून चार कोपऱ्यांखाली पेडेस्टल (काँक्रीटचे ठेंगणे खांब) करून पेटी जमिनीपासून निदान ३० सेंमी वर ठेवणं मला बरं वाटतं. खाली वारा खेळतो, पाइप दुरुस्त करता येतात आणि गंज डोळ्यांना दिसतो.

लांब भिंतीत रुंद दार किंवा खिडकी कापणार असाल तर त्या जागेच्या दोन्ही कडांखालीही पेडेस्टल घाला. तुळई कुठे तुटणार ते आराखड्यावरून आधीच कळलेलं असतं. आधार तिथेच द्यायचा.

प्रत्येक पेडेस्टलच्या डोक्यावर अँकरसह लोखंडी प्लेट बसवा. २० फुटी रिकामी पेटी साधारण सव्वादोन टनांची, ४० फुटी पावणेचार टनांच्या आसपास. आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या रुंद भिंतीवर वादळी वारा आदळला की तो पुरत नाही. पेटी पायाला बांधलेली हवी.

*तपासा:* सगळ्या प्लेटांची पातळी लेव्हल ट्यूबनं पाहा. फरक ५ मिमीच्या आत आणा. कर्ण पुन्हा मोजा, या वेळी पायाचे.

टप्पा ४: उतरवणं

वाहन यायच्या आधी वाट पायी चालून पाहा: वळणं, झाडाच्या फांद्या, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, मऊ जमीन. मागून तिरपं होऊन पेटी सरकवणाऱ्या ट्रकला पेटीच्या लांबीच्या दुपटीहून जास्त सरळ जागा लागते. पेटीचं दार कोणत्या दिशेला हवं ते भरतानाच सांगा. जागेवर आल्यावर ४० फुटी पेटी फिरवणं ही दुसऱ्या क्रेनची गोष्ट होते.

क्रेननं उचलायची तर चारही कोपऱ्यांना पकड हवी, आणि ४० फुटीसाठी स्प्रेडर बीम (साखळ्या सरळ उभ्या ठेवणारा आडवा दांडा) मागवा. तिरक्या साखळ्या पेटीला आतल्या बाजूला दाबतात.

ठेवली की लगेच मागची दारं उघडून बंद करा. घासली किंवा कड्या बसल्या नाहीत तर एक कोपरा खाली-वर आहे. कास्टिंग आणि प्लेटच्या मधे लोखंडी पट्टी सारून पातळी आणा आणि दारं सहज फिरायला लागल्यावरच कास्टिंग प्लेटला वेल्ड करा. हे दार म्हणजे फुकटची पाणसळ आहे. कापाकापी संपेपर्यंत ते काढू नका.

टप्पा ५: कापणं

आता ग्राइंडर काढायला हरकत नाही. पण आधी हात न लावायच्या तीन गोष्टी: कोपऱ्याचे खांब, वरची रेल, खालची रेल. वरची रेल सहसा ६० × ६० मिमीचा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप असतो. एसीचा पाइप न्यायला त्यात भोक पाडलेलं मी पाहिलं आहे. दहा सेंमी खाली पत्र्यात पाडलं असतं तर काहीच बिघडलं नसतं.

कापण्याच्या जागेजवळचं प्लायवुड काढा किंवा ओल्या गोणपाटानं झाका. ठिणगी प्लायखाली शिरून तासाभरानं धूर दिसू शकतो, म्हणून काम संपल्यावरही माणूस थांबलेला हवा आणि अग्निशामक हाताशी. कापण्याच्या आणि वेल्डिंगच्या रेषेवरचा रंग आधी खरवडा. जस्ताच्या प्रायमरचा धूर छातीत जाऊ देऊ नये आणि जुन्या रंगात त्याहून वाईट द्रव्यं असू शकतात. योग्य फिल्टरचा मास्क घाला, दोन्ही टोकं उघडी ठेवा.

क्रम असा:

१. चारही कोपऱ्यांवर आतून बाहेर बारीक भोकं पाडा आणि बाहेरून रेषा आखा. म्हणजे आतलं आणि बाहेरचं माप एकच राहतं. उभी रेषा शक्यतो पन्हाळीच्या सपाट भागावर आणा. उतारावर आली तर चौकट आणि पत्र्यात वेडीवाकडी फट राहते.

२. उघडं तोंड रुंद असेल तर कापण्याआधी आतून वरच्या-खालच्या रेलमध्ये उभे पाइप आणि वर आडवी तुळई वेल्ड करा. पाइपाचा आकार इंजिनिअर सांगेल. ‘नेहमी हाच वापरतो’ हे फॅब्रिकेटरचं उत्तर पुरेसं नाही.

३. खालचा काप, मग दोन्ही बाजू, शेवटी वरचा. प्रत्येक बाजूला एक-दोन ठिकाणी बोटभर पत्रा जोडलेला ठेवा. एका दाराएवढा पत्राही पंचवीस किलोंहून जड भरतो आणि त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. दोघांनी धरल्यावरच शेवटचे जोड तोडा.

४. चौकट बसवा, फक्त टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारा, कर्ण मोजा, दार-खिडकी प्रत्यक्ष लावून पाहा.

५. मग तुकड्या-तुकड्यानं वेल्डिंग: एका कोपऱ्यात थोडं, मग समोरच्या कोपऱ्यात थोडं. सलग वेल्ड ओढत गेलात तर १.६ मिमीचा पत्रा तापून लाटा धरतो, आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत.

एक तोंड पूर्ण झाल्याशिवाय दुसरं कापू नका. सगळी एकदम कापून मग चौकटी बसवल्यानं ग्राइंडरचं भाडं वाचतं, पण तोवर पेटी आपला आकार सोडते.

दोन पेट्या जोडताना आधी कोपरे एकमेकांना आवळून वेल्ड करा, उभे सांधे आणि छपरावरचा सांधा बंद करा, मधले खांब-तुळया घाला आणि सगळ्यात शेवटी मधली भिंत कापा.

*तपासा:* खालच्या रेलला दोन टोकांना दोरी ताणा. मधे झोल दिसतो का? मागची दारं अजून सहज लागतात का? यांपैकी काही बिनसलं असेल तर इथेच थांबा. पुढची सगळी कामं हे झाकणारी आहेत.

टप्पा ६: गंज आणि पाणी बंद करणं

वेल्डिंगच्या दोन्ही बाजूंचा रंग जळलेला असतो. आतली बाजू पुढे अस्तराखाली जाणार, म्हणून तिला प्रायमर मारायची ही शेवटची संधी. घासून, पुसून, जस्ताचं प्रायमर, मग रंग. प्रत्येक चौकटीच्या वर बाहेर आलेली लोखंडी पट्टी वेल्ड करा, म्हणजे पन्हाळीवरून उतरणारं पाणी खिडकीच्या सांध्यावर न येता पुढे गळेल. पाणी अडवायचं काम सीलंटवर सोडू नका. ऊन त्याला दोन-चार वर्षांत तडे पाडतं.

छपरात स्क्रू मारू नका. सौर पॅनेल किंवा वरचं दुसरं छप्पर बसवायचं तर कोपऱ्याच्या कास्टिंगला आणि वरच्या रेलला सांगाडा जोडा. दुसरं हलकं छप्पर, मधे हवा खेळती, हा उन्हाच्या जागी सगळ्यात उपयोगी खर्च आहे.

*तपासा:* प्रत्येक सांध्यावर पंधरा मिनिटं पाइपानं पाणी सोडा, आत कोरडा कागद धरून माणूस उभा करा.

टप्पा ७: वीज आणि नळ

यात फार सांगण्यासारखं नाही, दोन गोष्टी सोडून. पेटी संपूर्ण लोखंडाची आहे, तेव्हा तिचा सांगाडा अर्थिंगला जोडलेला हवा आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. दोन पेट्या असतील तर त्या एकमेकींनाही जोडा. आणि केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट आणि कंड्युट घाला. उघड्या पत्र्याची धार केबलचं आवरण हळूहळू कापते. सगळं काम पुढच्या टप्प्याआधी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून.

टप्पा ८: ओल आणि इन्सुलेशन

कंटेनरच्या खोल्या सर्वांत जास्त इथे फसतात. खोलीत हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर सुमारे १७ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरतं. बाहेर गारठा पडला की पत्रा त्याखाली जातो. श्वास, स्वयंपाक, अंघोळ यांची वाफ पत्र्याला भेटते आणि पाणी होऊन खाली उतरते. ते आतूनच तयार होतं, म्हणून बाहेरचं वॉटरप्रूफिंग कितीही वाढवलं तरी ते थांबत नाही. लोक मात्र गळती शोधत छपरावर चढतात.

उपाय एकच: आतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचू द्यायची नाही. बाजूच्या भिंतीची पन्हाळी साधारण ३६ मिमी खोल असते. त्यावर सरळ थर्माकोलचे किंवा फोमचे बोर्ड लावले की मागे उभ्या नळ्यांची रांग तयार होते, त्यांत हवा फिरते आणि दव धरतं. म्हणून क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (बंद बुडबुड्यांचा, फवारून लावायचा फोम) पत्र्याला थेट चिकटवणं चांगलं. तो पन्हाळी भरून काढतो आणि वाफही अडवतो. काचलोकर किंवा दगडलोकर वापरणार असाल तर तिच्या खोलीकडच्या बाजूला वाफ अडवणारा सलग पडदा, सांधे टेपनं बंद, स्विचबॉक्सभोवतीसुद्धा. एवढी काळजी घेणारे कारागीर कमी भेटतात.

फोम मारण्याआधी लाकडी किंवा लोखंडी पट्ट्या उभ्या करा, पण त्या पत्र्याला टेकवू नका. टेकलेली प्रत्येक लोखंडी पट्टी गारवा आत आणते, आणि वर्षभरानं भिंतीवर तिची ओळ ओलसर उमटते. बाहेरून इन्सुलेशन केलं तर ही भानगड टळते आणि आतली रुंदीही वाचते, मात्र मग वर क्लॅडिंग लागतं आणि कंटेनरचं रूप झाकलं जातं.

*सावधान:* फोम सुकेपर्यंत आत कुणी जाऊ नये. तो उघडाही ठेवू नका, आगीत तो झपाट्यानं पेटतो. वर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड लावा.

जमिनीचं प्लायवुड: औषधाची नोंद आठवा. ते घासू नका, धूळ होते. डाग नसतील तर इपॉक्सीचा सलग थर देऊन वर नवी जमीन घ्या. डाग किंवा वास असेल तर सगळं उपटा. स्क्रूंची डोकी गंजलेली असतात, त्यामुळे वेळ लागतो.

मग हवा. पेटीच्या भिंतीवरची मूळची छोटी झडप खोलीला पुरत नाही. स्वयंपाकाच्या आणि न्हाणीच्या जागी एक्झॉस्ट पंखा, आणि समोरच्या टोकाला हवा आत येण्याची वाट.

टप्पा ९: राहायला जाण्याआधी

मागची मूळ दारं ठेवायची असतील तर बाहेरच्या कड्या काढून टाका किंवा उघड्या स्थितीत वेल्ड करा, म्हणजे आत माणूस असताना कुणी बाहेरून बंद करू शकणार नाही. झोपायच्या खोलीला बाहेर पडण्याची दुसरी वाट हवीच. माणूस सहज निघेल एवढी, आतून उघडणारी खिडकी चालते. धुराचा अलार्म लावा.

पहिला जोराचा पाऊस आणि पहिला गारठा या दोन दिवशी आत फिरून पाहा: खिडक्यांच्या खालच्या कडा, छताचे कोपरे, कपाटामागची भिंत. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवलं असेल तर मागे हात घालून पाहता येतं. वर्षातून एकदा छपरावरचा पाला काढा (चालताना पाय कडेच्या रेलवर), पेटीखाली टॉर्च टाकून आडव्या पट्ट्या पाहा, आणि वेल्डवर रंग सुटला असेल तिथे त्याच आठवड्यात प्रायमर मारा.